तीन भिंतींचं अक्षर

१

वैशाखात ग्वाल्हेरला जेवणं उरकली की घर बंद करायचं. खिडक्या लावायच्या, वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारायचं, अंगणाकडच्या दाराला कडी घालायची आणि ऊन कलेपर्यंत अंधारात पडून राहायचं. बाहेर लू सुटलेली असते, भाजून काढणारा वारा. शिंदे की छावनीत त्या वेळी कुत्रंसुद्धा दिसत नाही. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेच्या मागोमाग इथे आले, देवळं आणि कचेऱ्या सांभाळून राहिले, पण या उन्हाशी आमच्या घराण्याचं अजून जमलेलं नाही.

मी रियासतीच्या इमारतखात्यात नकाशे काढतो. भिंत कुठे, दार कुठे, मोरीचं पाणी कुठून जाणार, एवढंच मला कळतं. आमच्या खात्यातला माणूस भुताखेतांना भीत नाही, तो भिंतीतल्या ओलीला भितो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून माझ्याबद्दल भलतंच मत व्हायचं.

आमची लीला नऊ वर्षांची. होळीनंतर तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण ती जागी झाली नाही. श्वास चालू होता, चमच्याने पेज घातली तर गिळत होती, बाकी काही नाही. हात उचलून सोडला की धपकन खाली पडायचा. मोठे डॉक्टर आले, पापणी वर करून पाहिली आणि म्हणाले, "मेंदूवर परिणाम झालाय. मुलं परत येतात कधीकधी. वाट पाहा." कुठून परत येतात ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

शामला, माझी बायको, रोज तिची वेणी घालायची. निपचित पोरीचं डोकं मांडीवर घेऊन, एका हाताने मान सावरत. मला ते बघवत नसे. मी दुसऱ्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. मला माझी मुलगी परत पाहिजे होती. त्यासाठी कुणी सांगितलं असतं तर मी किल्ल्यावरून उडी टाकली असती.

२

झिराडकर आमच्या खात्यात ओव्हरसिअर. बेने इस्राएल यहुदी, मूळचे कुलाब्याकडचे. शनिवारी ते कामाला हात लावत नाहीत. बाकी आमच्यासारखेच मराठी, आणि बोलायला आमच्यापेक्षा चांगले, कारण आमच्या मराठीत आता निम्मी हिंदी शिरली आहे. फूलबागेपलीकडे त्यांचं घर. घरी बसवेना म्हणून मी शनिवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसू लागलो. ते आपलं हिब्रू बायबल उघडून वाचत असत. मी नुसता बघत असे.

"गोष्ट वरवर आहे, मधुसूदनराव," एकदा ते म्हणाले. "खाली अक्षरं आहेत. आमची जुनी माणसं सांगतात, आधी अक्षरं होती, मग त्यांच्यातून जग झालं. प्रत्येक अक्षर म्हणजे एक वस्तू. हे बघा, या पुस्तकाचं पहिलंच अक्षर. बेथ. बेथ म्हणजे घर."

शनिवारी लिहायचं नसतं म्हणून ते बोटाने दाखवत होते. मी वाकून पाहिलं. वर भिंत, खाली भिंत, उजवीकडे भिंत. डावी बाजू उघडी. मी नकाशात खोली काढतो तशी.

"एक बाजू उघडी का ठेवली?" मी विचारलं.

"आम्ही उजवीकडून वाचतो ना, म्हणून. वर काय, खाली काय, मागे काय, ते विचारायचं नाही. फक्त पुढे चालायचं."

मग त्यांनी बाकीची सांगितली. दालेथ म्हणजे दार. योद म्हणजे हात. आयिन डोळा, पे तोंड, रेश डोकं, शिन दात. देवाने मातीचा माणूस केला आणि त्याच्या नाकात श्वास फुंकला, ती ओळ मी त्यांना काढायला लावली. गोष्ट मला ठाऊक होती. पण ओळ नुसती अक्षरांनी पाहिली तर तिच्यात हात होता, डोळा होता, तोंड होतं, डोकं होतं, घर होतं, दार होतं. कुणीतरी कामावर लागणारं सामान लिहून ठेवावं तसं सगळं. माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला सांगू, मला आनंदही झाला.

"या अक्षरांनी माणसाला काही करता येतं का?" मी विचारलं.

झिराडकर हसले. "करणारा एकच. आपण वाचायचं."

मी त्यांना लीलेचं नाव काढून काही बोललो नाही. ते नको म्हणाले असते, आणि मला नको ऐकायचं नव्हतं.

३

माझे थोरले भाऊ नाना एका देवळात पुजारी आहेत. पूजेला बसण्यापूर्वी ते रोज न्यास करतात. म्हणजे एकेक अक्षर म्हणायचं आणि अंगावर एकेका ठिकाणी बोट टेकायचं. कपाळ, डोळे, कान, ओठ, हात, पाय. त्याने ती ती अक्षरं त्या त्या अवयवात येऊन राहतात म्हणे. मी जन्मभर त्यांची थट्टा केली. "नाना, अंगात पिसवा झाल्या का?" म्हणायचो. आता मीच त्यांच्यापुढे जाऊन बसलो आणि झिराडकरांची अक्षरं सांगितली.

नानांनी ती मला जमिनीवर बोटाने काढून दाखवायला लावली. मग म्हणाले, "मधू, आपल्याकडे न्यास स्वतःच्या अंगावर करतात. पण पोरीला शुद्धच नाही. तिच्यासाठी मी करतो."

"दुसऱ्यांची अक्षरं आहेत, नाना. चालेल?"

"लेकराचं बोट हलणार असेल तर मी फारसी अक्षरंसुद्धा ठेवीन."

नई सडकेवरून अष्टगंध आणलं. सकाळच्या उजेडात लीलेला पुसून नानांच्या पाटाशेजारी निजवलं. माझा हात रेघेत बसलेला, म्हणून अक्षरं मी काढली, दर्भाच्या काडीने, तिच्या कातडीवर. नाना बोट टेकून म्हणत गेले, "योदाय नमः. आयिनाय नमः." संस्कृत विभक्ती लावलेली ती नावं ऐकून एरवी मला हसू फुटलं असतं. घर त्यांनी छातीवर ठेवलं, हृदयावर. दार कुठे ठेवायचं यावर मात्र ते अडले.

"दाराचा अवयव कुठला?" मी विचारलं.

"टाळू," नाना म्हणाले. "प्राण तिथून जातो. यायचा असला तर तिथूनच येईल."

शामलेने केस बाजूला केले. मी भांगावर दार काढलं. शेवटचं अक्षर झालं तरी काही झालं नाही. माशी तिच्या ओठावर बसली, ती शामलेने हाकलली. मी नानांना नको ते बोललो, त्यांच्या देवांनाही बोललो. ते तांब्या उचलून गेले. मग जेवणाची वेळ झाली आणि आम्ही रोजच्यासारखं घर बंद केलं.

अंधारात मी तिचा हात धरून बसलो होतो. त्या हाताने माझा हात धरला.

४

पुढचे दिवस आमच्या घरात दिवाळी होती. आधी हात आले, मग डोळे उघडले, मग तोंड. नाना रोज येऊन रडून जायचे. डॉक्टर म्हणाले, "सांगितलं नव्हतं?" शामलेने तिला न्हाऊ घातलं तेव्हा अष्टगंध निघता निघेना. तिने डाळीचं पीठ लावून घासलं. तरी निघालं नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर एकही रेघ अंगावर नव्हती, आणि पाणीही रंगलं नव्हतं.

लीला अंथरुणात बसून बोटं मिटायची, उघडायची. एकेक बोट, सावकाश. डोळे मिटायची, उघडायची. नव्या घरात आलेला भाडेकरू खिट्ट्या लागतात का ते तपासतो, तशी. आजारातून उठलेलं पोर असंच करणार, असं मी स्वतःला सांगितलं.

पण ती बोलायला लागली आणि मला चैन पडेना. आमची लीला छावनीतल्या पोरींत वाढलेली. वाक्य मराठीत सुरू करायची आणि हिंदीत संपवायची. "आई, मला भूक लगी आहे ना, जल्दी वाढ." शामला चिडायची, "धड एक भाषा बोल गं." आता ती म्हणायची, "आई, मला भूक लागली आहे. वाढतेस का?" एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

"आजारपणाने शहाणी झाली पोर," शामला म्हणाली. पण हे म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

एकदा लीला मधल्या खोलीच्या भिंतीवर तळहात ठेवून म्हणाली, "बाबा, ही भिंत नंतरची आहे."

खरी गोष्ट होती. ती भिंत मीच घातली, लीलेच्या जन्माआधी, एका खोलीच्या दोन करायला. कुणीतरी कधीतरी तिला सांगितलं असेल. मीच सांगितलं असेन. रात्रंदिवस नकाशे काढणारा बाप पोरीला दुसरं काय सांगणार? अशी कारणं मला भराभर सुचत होती. मला कारणांची भारी गरज होती.

५

एका दुपारी घर बंद होतं. शामला आणि मी चटईवर पडलो होतो. लीला पलीकडे अंथरुणात. अंगणाकडच्या दारावर कुणीतरी थाप मारली. मोठी नाही. लहान मुलं उघड्या पंजाने मारतात तशी.

"आई, किवाड खोल ना."

मी उठून बसलो. "कोण आलंय?"

"वारा आहे हो," शामला डोळे न उघडता म्हणाली. "पडा."

मी पडलो. शेजारच्यांची कुणी असेल. पण शेजारची मंडळी मुलींना घेऊन उज्जैनला गेली होती, हे मलाही ठाऊक होतं. ऊन कलल्यावर अंगणात जाऊन पाहिलं. वाळत घातलेले पापड तसेच होते. एकावरही पाय पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा थाप आली. आता आवाज रडवेला होता. "आई, देख ना, मी आले. रस्ता खूप लांब होता. मला कुणी आत येऊच देत नाहीये."

आवाज माझ्या लेकीचा होता. बाप लेकीचा आवाज चुकत नाही. मी वळून अंथरुणाकडे पाहिलं. लीला जागी होती. कुशीवर वळून ती माझ्याकडे बघत होती, मी काय करतो ते बघायला.

तेव्हा मला डॉक्टरांचं 'वाट पाहा' आठवलं. ती येतच होती. तिच्या पावलांनी, तिच्या वेळेने, कुठून कोण जाणे, पण येत होती. आणि तेवढ्यात आम्ही तिचं घर दुसऱ्या कुणाला दिलं होतं.

६

नानांना सांगितलं तेव्हा ते आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघत होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी हात काढला.

"उलट्या क्रमाने न्यास काढून घेता येतो," ते म्हणाले. "मांडलेलं परत उचलायचं."

ते सकाळी आले, सोवळं नेसून. शामला दाराशी उभी राहिली. आत आली नाही. नानांनी शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली. दालेथ काढायला त्यांनी लीलेच्या टाळूला बोट लावलं, आणि तिने ते बोट मुठीत धरलं. रागाने नाही. वडीलधाऱ्यांचा हात धरावा तसं.

"काका," ती म्हणाली, "राहत्या घराचं दार कुणी काढतं का?"

नानांनी बोट सोडवून घेतलं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही. सोवळ्यातच ते घरी चालत गेले. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. पूजा करतात, पण न्यास सोडून दिला आहे, असं वहिनी म्हणाल्या.

मग मी झिराडकरांना घेऊन आलो. वाटेत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांची चाल मंदावत गेली. आमच्या उंबऱ्याशी आले आणि सवयीने त्यांचा हात चौकटीच्या उजव्या बाजूला गेला. त्यांच्या घरच्या चौकटीवर तिथे पवित्र वचनांची डबी बसवलेली असते. आमची चौकट रिकामी. त्यांनी हात मागे घेतला आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

तिथूनच त्यांनी लीलेला पाहिलं. ती अंथरुणात बसून शामलेच्या हातून वरणभात खात होती. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि हसली. ओळखीचं माणूस फार दिवसांनी दिसावं तशी हसली. लीलेने झिराडकरांना त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

झिराडकर मला धरून रस्त्यावर घेऊन आले.

"अंगावर लिहिलंत?"

"हो."

"सगळी?"

"सगळी. आता पुसायची कशी ते सांगा. तुमच्यात काहीतरी असेलच."

"मी काही पंडित नाही, मधुसूदनराव. माझ्या वडिलांनी सांगितलं तेवढं मला माहीत." "आमच्यात पवित्र अक्षरं पुसत नाहीत. जाळत नाहीत. पान झिजलं, फाटलं, तरी टाकून देत नाहीत."

"मग काय करतात?"

मी त्यांचे खांदे धरून हलवले, भर रस्त्यात.

"पुरतात," ते म्हणाले. "माणसाला पुरतात तसं, जमिनीत."

७

आज दुपारी मी शामलेला सगळं सांगायचं ठरवलं होतं. तिला काही ठाऊक नाही, असं मला वाटत होतं. जेवणं झाली नव्हती, भात व्हायचा होता, पण ऊन इतकं तापलं होतं की घर आधीच बंद केलं. मी मधल्या खोलीत बसलो. लीलेने आपला हात माझ्या हातात दिला होता. ऊबदार हात. नखं नुकतीच कापलेली. या हाताला माती द्यायची, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता, आणि तो पुरा होत नव्हता.

थाप पडली.

"बाबा." आज तिने मला हाक मारली. "बाबा, मी आहे ना, लीला. किवाड खोलो."

मी हात सोडवला आणि दाराकडे गेलो. दाराखाली बोटभर फट आहे. त्या फटीतून अंगणातलं ऊन पांढरंशुभ्र आत येत होतं, आणि त्या उजेडात दोन ठिकाणी अंधार होता. दोन लहान पावलं. अंगणाची फरशी त्या वेळी तव्यासारखी तापते. एक पाऊल उचललं जाई, मग ते टेकून दुसरं. मग पुन्हा पहिलं. चपला नव्हत्या.

"बाबा, पैर जल रहे हैं."

मी कडीला हात घातला. माझ्या हातावर शामलेचा हात आला.

"नका," ती म्हणाली.

"अगं, तुला ऐकू येतंय?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही कचेरीत असता तेव्हाही येते. मी कडी बघून घेते आणि चूल फुंकत बसते." तिच्या आवाजात रडणं नव्हतं. रडून झालेलं असावं. "तुम्ही झिराडकरांशी रस्त्यात बोललात ते मी खिडकीतून ऐकलं. उघडलंत तर हिला पुरावं लागणार. मग ती आत येईलच, असं कोण सांगतं? कुठे शिरेल ती? पुरलेल्यात?"

मी नकाशे काढणारा माणूस. एका घरात दोन बिऱ्हाडं बसवायची तर भिंत घालता येते. इथे भिंत कुठे घालू?

"ती आपली आहे, शामला."

"ठाऊक आहे मला. मी जन्म दिलाय तिला." तिने माझा हात कडीवरून उचलला, एकेक बोट सोडवत. "पण ही जेवते. ही मला आई म्हणते. मला मांडीवर मेल्यासारखं डोकं घेऊन वेणी घालायची नाही आता. मला नाही जमणार परत."

बाहेर पावलं उचलली जात होती, टेकत होती. आम्ही दोघं दाराच्या आत उभे होतो, तिचे आईबाप, आणि कडी आमच्या हाताशी होती. मला ती काढता आली असती. कुणी मला धरून ठेवलं नव्हतं. शामलेने हातसुद्धा बाजूला घेतला होता.

मी कडी काढली नाही.

"बाबा?" बाहेरून एकदाच आलं, अगदी हळू. मी आत आहे की नाही याची खात्री करून घेतल्यासारखं. मग एक पाऊल उचललं गेलं ते खाली टेकलं नाही. मग दुसरंही नाहीसं झालं, आणि फटीतला उजेड सलग झाला.

मी दाराला डोकं टेकून रडलो. इतका मोठ्याने की रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

"बाबा, गेली ती," मागून अंथरुणातून लीला म्हणाली. स्वच्छ मराठीत, मायेने, माझी समजूत घालत. "उद्या येईल परत."

शामलेने पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, भात झालाय, आत्ताच वाढू का.